१,५०० रुपयांची चाळणी: 'लाडकी बहीण'साठी पात्र कोण हे ठरवायचं कसं? लोकांचं म्हणणं काय, नियम काय सांगतात?

'आमच्या टॅक्सच्या पैशांवर मतं विकत घेतली.' 'शेजारणीच्या दारात गाडी आहे, तिला पैसे येतात, माझे बंद झाले.' 'निवडणुकीआधी सगळ्या बहिणी लाडक्या होत्या, आता नावं कापताय?'

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेबद्दलची कुठलीही पोस्ट उघडा, खाली अशी वाक्यं सापडतातच. योजना सुरू होऊन बराच काळ झाला, तरी वाद थांबलेला नाही. फक्त त्याचा विषय बदलला. सुरुवातीला प्रश्न होता की पैसे द्यावेत की देऊ नयेत. आता प्रश्न आहे की कुणाला द्यावेत, कुणाला नाही आणि हे ठरवायचं कसं.

लाखो घरांचं महिन्याचं गणित या प्रश्नाला जोडलेलं आहे. म्हणून नियम, आकडे आणि लोकांची वेगवेगळी मतं एकेक करून समजून घेऊ.

योजना नेमकी काय आहे?

२८ जून २०२४ रोजी तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी राज्याच्या अर्थसंकल्पात या योजनेची घोषणा केली. पात्र महिलेच्या आधार जोडलेल्या बँक खात्यात दर महिन्याला १,५०० रुपये थेट जमा करायचे, असं तिचं स्वरूप आहे. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये सुरू झालेली 'लाडली बहना' ही योजना त्याआधीच गाजली होती.

ऑगस्ट २०२४ मध्ये जुलै आणि ऑगस्टचे हप्ते एकत्र, म्हणजे ३,००० रुपये, खात्यांत जमा व्हायला लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणूक झाली. प्रचारात महायुतीने ही रक्कम २,१०० रुपये करण्याचं आश्वासन दिलं, तर महाविकास आघाडीने 'महालक्ष्मी' योजनेतून ३,००० रुपये देऊ असं सांगितलं. महायुती मोठ्या बहुमताने सत्तेत परतली. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात मात्र २,१०० रुपयांची वाढ आली नाही.

पात्रतेचे नियम काय आहेत?

सध्याच्या वादात अनेकदा असं म्हटलं जातं की नियम नंतर आणले गेले. प्रत्यक्षात मुख्य अटी २०२४ च्या शासन निर्णयांमध्येच होत्या:

- वय २१ ते ६५ वर्षं. आधी वरची मर्यादा ६० होती, ती वाढवण्यात आली.
- कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत.
- विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार महिला, तसंच कुटुंबातील एक अविवाहित महिला.
- कुटुंबात कुणी आयकर भरणारं, कायम सरकारी नोकरीत असलेलं किंवा सरकारी निवृत्तिवेतन घेणारं नसावं.
- कुटुंबातील कुणाच्याही नावावर चारचाकी नसावी. ट्रॅक्टर चालतो.
- दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १,५०० किंवा त्याहून जास्त रुपये मिळत नसावेत.

सुरुवातीला पाच एकरांपेक्षा जास्त शेती नसावी अशीही अट होती, ती काही दिवसांतच काढून टाकली. अधिवास प्रमाणपत्राऐवजी १५ वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालेल असं ठरलं. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल, तर उत्पन्नाच्या दाखल्याचीही गरज उरली नाही.

म्हणजे अटी कागदावर होत्या, पण त्या पूर्ण होतात की नाही हे पैसे देण्याआधी तपासण्याची फारशी व्यवस्था नव्हती. हमीपत्रावर सही केली की बहुतेक काम होत होतं. अर्ज पटापट मंजूर झाले. आजच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच आहे.

मग चाळणी कधी लागली?

निवडणूक झाल्यावर पडताळणी सुरू झाली. तिचे मुख्य टप्पे असे:

फेब्रुवारी २०२५: महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी ५ लाख महिला अपात्र ठरल्याचं जाहीर केलं. त्यात २ लाख ३० हजार महिला संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या. १ लाख १० हजार महिलांचं वय ६५ च्या पुढे होतं. उरलेल्या १ लाख ६० हजारांमध्ये घरात चारचाकी असलेल्या आणि स्वतःहून नाव मागे घेतलेल्या महिलांचा समावेश होता. आधी दिलेले पैसे परत घेणार नाही, असंही सरकारने तेव्हा सांगितलं.

मे २०२५: दोन हजारांहून जास्त सरकारी कर्मचारी महिलांनी लाभ घेतल्याचं समोर आलं.

जुलै २०२५: २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचे पैसे जूनच्या हप्त्यापासून स्थगित केल्याचं सरकारने सांगितलं. कारणं वेगवेगळी होती: एकापेक्षा जास्त योजनांचा लाभ, एका कुटुंबात दोनपेक्षा जास्त लाभार्थी, काही ठिकाणी तर पुरुषांचे अर्ज. सुमारे १४ हजार पुरुषांच्या नावावर पैसे गेल्याच्या बातम्यांनी मोठी खळबळ उडाली. त्या महिन्यात सुमारे सव्वादोन कोटी महिलांना हप्ता मिळाला.

सप्टेंबर २०२५: सगळ्या लाभार्थ्यांसाठी ई-केवायसी बंधनकारक झालं. आधी १८ नोव्हेंबरची मुदत होती, ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली.

लोकांचं म्हणणं काय आहे?

या विषयावर फक्त 'बाजूने' आणि 'विरोधात' असे दोनच गट नाहीत. साधारण पाच प्रकारची मतं ऐकू येतात, आणि प्रत्येकात थोडं तथ्य आहे.

१. 'हा आमच्या टॅक्सचा पैसा आहे'

पगारातून आयकर कापला जाणाऱ्या मध्यमवर्गात हे मत ठळक आहे. रस्ते, शाळा, दवाखाने सोडून पैसा वाटला जातोय, असं त्यांचं म्हणणं. 'रेवडी' हा शब्द यासाठी हमखास वापरला जातो. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी एका भाषणात तो वापरला आणि तो राजकारणात रूढ झाला. त्यानंतर जवळपास सगळ्याच पक्षांनी रोख मदतीची आश्वासनं दिली, हा भाग वेगळा.

आर्थिक चिंता खोटी नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली तूट सुमारे ४५,८९१ कोटी आणि एकूण कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात जाईल असा अंदाज होता. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी रुपये या योजनेकडे वळवले गेले. तेव्हा सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

पण टॅक्स फक्त आयकर भरणाराच देतो, हे खरं नाही. साबणावरचा जीएसटी आणि पेट्रोलवरचा व्हॅट घरकाम करणारी बाईही भरते. त्यामुळे 'आमचा टॅक्स' आणि 'त्यांचा लाभ' अशी सरळ रेघ मारता येत नाही.

२. 'द्या, पण खऱ्या गरजूंनाच द्या'

हे मत सगळ्यांत जास्त पटण्यासारखं वाटतं. अडचण आहे ती 'खरी गरजू' ओळखण्यात.

कल्याणकारी योजनांमध्ये दोन प्रकारच्या चुका होतात. एक, ज्याला मिळायला नको त्याला मिळतं. दोन, ज्याला मिळायलाच हवं ते वगळलं जातं. चाळणी बारीक केली की पहिली चूक कमी होते, पण दुसरी वाढते. चाळणी मोठी केली की उलट होतं. पहिल्या चुकीने तिजोरीचं नुकसान होतं. दुसरीने एखाद्या घरातला किराणा किंवा औषधं थांबतात. आपल्याला कोणती चूक जास्त सहन होईल, यावर बरीचशी मतं ठरतात.

३. 'सगळ्यांना द्या, चाळणी नकोच'

या बाजूचं म्हणणं असं की घरात उत्पन्न असलं तरी बाईच्या हातात पैसा असतोच असं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या महिला त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात. पुरुषांचा आकडा ८८ मिनिटं आहे. या कामाची किंमत कुठेच धरली जात नाही, त्यामुळे १,५०० रुपये हे उपकार नाहीत, असा हा युक्तिवाद आहे.

यावरचा आक्षेप सोपा आहे: पैसा मर्यादित आहे, आणि सगळ्यांना द्यायचं तर प्रत्येकीला कमी मिळणार.

४. 'मग निराधारांचं काय?'

या मताची चर्चा कमी होते, पण आकडे सगळ्यांत बोलके इथेच आहेत. संजय गांधी निराधार योजनेतही महिन्याला १,५०० रुपयेच मिळतात (दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५००). पण त्या योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा २१,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये.

एकाच राज्यात, एकाच रकमेसाठी एका योजनेची मर्यादा २१ हजार आणि दुसरीची अडीच लाख आहे.

याचा फटका वय वाढल्यावर बसतो. 'लाडकी बहीण'मधली महिला ६५ वर्षांची झाली की बाहेर पडते. पुढे तिच्यासाठी श्रावणबाळ निवृत्तिवेतन योजना आहे, पण तिथे पुन्हा २१ हजारांची मर्यादा. वर्षाला ६० हजार कमावणाऱ्या घरातल्या बाईला ६४ व्या वर्षी मदत मिळते आणि ६६ व्या वर्षी मिळत नाही. वयानुसार औषधांचा खर्च वाढत असताना हे घडतं.

५. 'पैसे नकोत, काम द्या, भाव द्या'

शेतकरी आणि मजूर कुटुंबांतून हे मत येतं. महाराष्ट्रासाठी ते नवं नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने राज्यात रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या योजनेत पात्रतेचा दाखला लागत नव्हता. उन्हात खडी फोडायला जो येईल तो गरजू, असं साधं गणित होतं. पण म्हातारी, आजारी किंवा तान्हं बाळ असलेली बाई अशा कामावर जाऊ शकत नाही. त्यामुळे कामाची हमी ही रोख मदतीला पूर्ण पर्याय ठरत नाही.

चाळणी नेमकी कुठे अडकते?

नियम वाचायला सोपे वाटतात. प्रत्यक्ष घरात ते लावताना घोळ होतो.

कुटुंब कुणाला म्हणायचं? शासन निर्णयात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं. पण पडताळणीत रेशन कार्ड महत्त्वाचं ठरतं. समजा, सासू आणि दोन सुना एकाच कार्डावर आहेत, पण चुली वेगळ्या आहेत. कागदावर एक कुटुंब, प्रत्यक्षात तीन. अशा वेळी नाव कुणाचं कापायचं?

गाडी कुणाची? चारचाकी म्हटलं की डोळ्यांसमोर नवी कोरी एसयूव्ही येते. पण हप्त्यावर घेतलेली जुनी टॅक्सी किंवा भाजी वाहून नेणारा छोटा टेम्पोही चारचाकीच. पोट भरण्याचं साधन आणि श्रीमंतीची खूण यांत हा नियम फरक करत नाही.

उत्पन्न किती? अडीच लाख म्हणजे महिन्याला साधारण २०,८०० रुपये. शहरात नवरा-बायको दोघंही प्रत्येकी ११ हजारांवर काम करत असतील, तर त्यांचं वर्षाचं उत्पन्न २ लाख ६४ हजार होतं. म्हणजे ते मर्यादेबाहेर गेले. उलट ज्यांचं उत्पन्न रोखीत आहे आणि कुठेच नोंदलं जात नाही, ते आत राहू शकतात. केशरी रेशन कार्डाची उत्पन्नमर्यादा एक लाख आहे, पण घराचं उत्पन्न वाढलं म्हणून कार्डाचा रंग आपोआप बदलत नाही.

ई-केवायसी कुणाच्या आधारवर? इथे लाभार्थीच्या आधारसोबत पती किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली गेली. दोघांचंही निधन झालेल्या किंवा नवऱ्याने सोडून दिलेल्या महिलेने ओटीपी कुणाच्या मोबाइलवर मागवायचा? योजनेच्या यादीत ज्यांचं नाव आधी असायला हवं, त्याच इथे अडकल्या. ओरड झाल्यावर मृत्यूचा दाखला, घटस्फोटाची कागदपत्रं किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय झाली. ई-केवायसीतल्या प्रश्नांच्या नकारार्थी रचनेमुळे अनेकींनी 'होय'च्या जागी 'नाही' निवडल्याचंही पुढे आलं. त्यांच्यासाठी पुन्हा अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करायचं ठरलं.

आकड्यांचं गणित काय सांगतं?

एका महिलेला वर्षाला १८,००० रुपये. सव्वादोन कोटी महिला धरल्या, तर वर्षाला ४०,५०० कोटी रुपये लागतात. २०२५-२६ साठी तरतूद होती ३६,००० कोटींची. भागाकार केला तर ही रक्कम २ कोटी महिलांना पुरते.

२६ लाख ३४ हजार नावं थांबवल्यामुळे महिन्याला सुमारे ३९५ कोटी, म्हणजे वर्षाला ४,७०० कोटींहून जास्त वाचतात. रक्कम २,१०० रुपये केली तर सव्वादोन कोटी महिलांसाठी वर्षाला ५६,७०० कोटी लागतील. म्हणूनच 'आधी नावं कमी करणार आणि मग रक्कम वाढवणार का?' अशी शंका लोक घेतात. दुसरीकडे, पात्र महिलेचे पैसे बंद होणार नाहीत, असं सरकार वेळोवेळी सांगत आलं आहे.

इतर राज्यांनी काय केलं?

तमिळनाडू: सप्टेंबर २०२३ पासून एक कोटीहून जास्त महिलांना महिन्याला १,००० रुपये. उत्पन्नमर्यादा अडीच लाखच, पण सोबत जमीन आणि वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत वीजवापर अशा तपासता येणाऱ्या अटी लावल्या. अर्जांची छाननी पैसे देण्याआधी झाली आणि नाकारलेल्यांना अपील करता आलं.

कर्नाटक: 'गृहलक्ष्मी' योजनेत कुटुंबप्रमुख महिलेला २,००० रुपये. आयकर किंवा जीएसटी भरणारी कुटुंबं वगळली आहेत.

गोवा: 'गृह आधार' योजना २०१२ पासून आहे. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या महिलेला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं.

कोणत्या सुधारणा सुचवल्या जातात?

या सगळ्या चर्चेतून चार मुद्दे पुन्हा पुन्हा समोर येतात.

पहिला, पडताळणी पैसे देण्याआधी करा. वर्षभर पैसे मिळाल्यावर घराचा खर्च त्या हिशेबाने बसतो. मग अचानक बंद झाले तर कर्ज काढण्याची वेळ येऊ शकते.

दुसरा, नाव कापण्याआधी कारण कळवा आणि दाद मागण्याची ठरावीक मुदत द्या. 'पैसे आले नाहीत' यावरून बाईला आपण अपात्र झालो हे समजत असेल, तर ती व्यवस्था अर्धवट आहे.

तिसरा, एकाच स्वरूपाच्या योजनांच्या उत्पन्नमर्यादा एकमेकींशी जुळवा. २१ हजार आणि अडीच लाख यांतलं अंतर कमी झालं, तर वय किंवा योजना बदलल्याने कुणी उघड्यावर पडणार नाही.

चौथा, अधेमधे पायऱ्या ठेवा. याचं एक उदाहरण या योजनेतच आहे. पीएम किसान आणि नमो शेतकरी योजनेतून वर्षाला मिळून १२,००० रुपये घेणाऱ्या सुमारे ७ लाख ७४ हजार महिलांना पूर्ण वगळलं नाही. त्यांना फरकाचे ५०० रुपये दिले जातात. हीच पद्धत उत्पन्नालाही लावता येईल का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

नाव अडकलं असेल तर काय करायचं?

सगळ्यांत आधी बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते तपासा. अनेकदा पैसे बंद झालेले नसतात, ते दुसऱ्याच जुन्या खात्यात जात असतात. त्यानंतर योजनेच्या पोर्टलवर ई-केवायसीची स्थिती पाहा. तिथे अडचण असेल तर गावातल्या किंवा वॉर्डातल्या अंगणवाडी सेविकेकडे, नाहीतर महिला व बालविकास कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. १८१ या महिला हेल्पलाइनवरही विचारता येतं. ई-केवायसीच्या नावाखाली फोनवर ओटीपी मागणाऱ्या कुणालाही तो देऊ नका.

आणि शेजारणीला पैसे कसे मिळतात, असा प्रश्न पडलाच, तर एक लक्षात ठेवा. तिच्या दारातली गाडी तुम्हाला दिसते. ती गाडी कुणाच्या नावावर आहे, हप्ते किती थकलेत आणि तिच्या घरात चुली किती आहेत, हे रस्त्यावरून दिसत नाही. सरकारी यादीतूनही ते पूर्ण दिसत नाही, म्हणूनच नाव कापण्याआधी एकदा दार ठोठावून विचारणं गरजेचं आहे.